बडीशेपेच्या वासाला भुललेला किडा

डिसेंबरातल्या थंड सकाळी रेशनच्या पामतेलाची पिशवी हातात घेऊन पाहा. तळाशी पांढरट, तुपाच्या कणीसारखं काहीतरी बसलेलं दिसतं. दुकानदाराने डालडा मिसळला म्हणून त्याच्याशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. पामतेलात जवळपास निम्मी चरबी थिजणाऱ्या जातीची, म्हणजे संपृक्त. कारखान्यात हे तेल हळूहळू थंड करून गाळतात. वर राहतं ते पातळ ओलिन, मागे उरतं ते घट्ट स्टिअरिन. आपण ज्याला ‘पामोलिन’ म्हणतो ते हेच पाम-ओलिन. गाळूनही त्यात थोडी थिजण्याची खोड उरतेच, आणि थंडी पडली की ती उघडी पडते.

२०२२च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, आणि सोबत एक लिटर तेल. शेंगदाण्याचं नाही, करडईचं नाही, सोयाबीनचंही नाही. पामचं. ज्या राज्यात घाण्याच्या तेलाच्या आठवणी काढल्याशिवाय फराळाच्या गप्पा संपत नाहीत, तिथल्या चकल्या बहुधा इंडोनेशिया किंवा मलेशियातून आलेल्या तेलात तळल्या गेल्या.

ते झाडही मूळचं तिथलं नाहीच. तेलताड हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा; नारळ, सुपारी, शिंदी यांचा भाऊबंद. सुपारीएवढी केशरी-लाल फळं, शेकड्यांनी, कधी हजारांनी, एकाच घडात गच्च बसलेली, आणि घडाचं वजन वीस-पंचवीस किलोंपर्यंत. एका फळात दोन वेगवेगळी तेलं असतात. गरातलं तेल लालभडक, आतल्या बियांतलं खोबरेलाच्या स्वभावाचं. गराच्या तेलाचा लाल रंग गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांचाच, आणि शरीर त्यातूनच अ जीवनसत्त्व बनवतं. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांबरोबर हे तेल ब्राझीलच्या बाहिया प्रांतात पोचलं. तिथे आजही चवळी भिजवून, वाटून केलेले वडे याच लाल तेलात तळतात. आपल्यापर्यंत येईतो मात्र कारखान्यात त्याचा रंग जातो, वास जातो आणि रंगाबरोबर जीवनसत्त्वही जातं.

१८४८मध्ये जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पतिउद्यानात तेलताडाची चार रोपं लावली, शोभेची म्हणून. आग्नेय आशियातल्या जुन्या मळ्यांची वंशावळ बहुतांशी या चार झाडांपाशी जाऊन थांबते. पण पुढे मळेवाल्यांची पंचाईत झाली. झाडं दणकट, जमीन उत्तम, पाऊस भरपूर. तरी घडांत फळं नीट भरेनात. तेलताडाच्या एकाच झाडावर नरफुलोरे आणि मादीफुलोरे येतात, पण सहसा एकाच वेळी नाही. त्यामुळे पराग दुसऱ्या झाडावरून यावा लागतो. तो वाऱ्याने येतो अशी सगळ्यांची समजूत होती. वारा पुरा पडत नाही असं धरून मलेशियात मजूर मळ्यात फिरून हाताने पराग फवारत. लाखो झाडं, आणि प्रत्येक फुलोऱ्यापाशी माणूस! एवढ्या मजुरीनंतर तेल स्वस्त कसं पडणार?

लेस्ली डेव्हिडसन हे मलेशियात एका कंपनीचे मळा-व्यवस्थापक. आधी ते कॅमेरूनमध्ये होते. तिथे कोणी पराग फवारत नसे, तरी घड भरलेले असत, आणि फुलोऱ्यांवर बारीक किडे वळवळत असत. हे किडेच पराग नेत असावेत अशी शंका त्यांनी बोलून दाखवली, तेव्हा तज्ज्ञांनी ती फारशी मनावर घेतली नाही. अखेर रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाला कॅमेरूनला पाठवलं. त्यांनी दाखवून दिलं की काम वारा करत नाही, एक सोंडकिडा करतो. तांदळात होतो त्याच्याच गोतावळ्यातला, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा.

त्याची रीत मोठी मजेची आहे. नरफुलोरा उमलला की बडीशेपेसारखा वास सोडतो. किडे झुंडीने येतात, तिथेच खातात, तिथेच अंडी घालतात, अंगभर पराग माखून घेतात. मादीफुलोऱ्यात किड्यासाठी काहीच नसतं. पण तोही अधूनमधून तोच बडीशेपेचा वास सोडतो. किडा फसतो, जातो, काही हाती लागत नाही म्हणून परततो. मात्र अंगावरचा पराग तेवढा तिथे सांडून येतो.

किडा दुसऱ्या पिकांना तोंड लावत नाही ना, याची नीट खात्री करून फेब्रुवारी १९८१मध्ये मलेशियात तो सोडला. मग तो आपणहून मळ्यामळ्यांत पसरला. हाताने पराग फवारण्याचं काम संपलं आणि घड भरू लागले. त्याआधी १९४१मध्ये बेल्जियन काँगोतल्या संशोधकांनी आणखी एक कोडं सोडवलं होतं. फळातल्या कवचाची जाडी एकाच जनुकावर ठरते, अगदी मेंडेलच्या वाटाण्यासारखी. जाड कवचाचा ‘ड्यूरा’ आणि बिनकवचाचा ‘पिसिफेरा’ यांच्या संकराने पातळ कवचाचा ‘टेनेरा’ मिळतो. कवच कमी झालं की गर वाढतो, आणि तेल साधारण तीस टक्के जास्त निघतं. आजचे मळे या टेनेराचे.

या साऱ्याचा हिशेब असा. तेलताड हेक्टरी साडेतीन-चार टन तेल देतो. आपला भुईमूग देतो जेमतेम अर्धा टन. भारत जगात सर्वाधिक खाद्यतेल आयात करणारा देश आहे, आणि त्यात पामतेल वर्षाला सुमारे ९० लाख टन धरू. एवढं तेल भुईमुगापासून काढायचं तर १ कोटी ८० लाख हेक्टर लागतील, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. तेलताडाला २५ लाख हेक्टर पुरतात. मराठवाड्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. म्हणून ‘पामतेलावर बहिष्कार घाला’ म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, बाकीची जमीन कुठून आणणार? बोर्नियो-सुमात्रातली जंगलं आणि दलदली जाळून मळे झाले, ओरांगउटानची घरं गेली, हे खरंच. पण हेच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर कुऱ्हाड आणखी मोठ्या रानावर पडेल.

अर्थात या तुलनेतही मेख आहे. भुईमूग नुसतं तेल देत नाही. त्याची पेंड गुरं खातात, दाण्याचं कूट आपण खातो, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. तेलताड देतो ते मुख्यतः तेलच.

मग हे झाड आपल्याकडेच लावलं तर? हा विचार जुना आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९४७ ते १९५९ या काळात पुण्याच्या आसपास कालव्यांच्या कडेला, परसात, थोडे रानातही आफ्रिकन ड्यूरा ताड लावून पाहिले होते. कालव्याचीच कड का, हे उघड आहे. या झाडाला उन्हाळ्यात रोज दोनशे लिटरांच्या वर पाणी लागतं. आज भारतात त्याची खरी वस्ती आंध्रच्या गोदावरी खोऱ्यात आणि तेलंगणात आहे. २०२१मध्ये केंद्राने ११,०४० कोटींची मोहीम जाहीर केली, आणि तिचा रोख ईशान्य भारत आणि अंदमानवर ठेवला. म्हणजे पुन्हा जंगलाच्याच दारात. शिवाय घड तोडल्यावर चोवीस तासांच्या आत कारखान्यात गेला पाहिजे, नाहीतर तेल आंबतं. तोडलेला ऊस वाहनाची वाट बघत वाळताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना डोंगराळ मुलखात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

पण मला सगळ्यात चकित केलं ते एका साध्या गुणाकाराने. स्वातंत्र्यानंतरच्या काळात भारतीय माणूस वर्षाला तीनेक किलो खाद्यतेल खायचा. २०२२-२३मध्ये हा आकडा १९.७ किलोवर गेला. आहारतज्ज्ञ बारा किलो पुरे म्हणतात. मधला फरक ७.७ किलो, त्याला १४० कोटींनी गुणा. एक कोटी टनांच्या वर जातो. आपली पामतेलाची सगळी आयात त्यात मावते! सरासरीच ती, अर्थातच. कुणाच्या घरी महिन्याला एक पिशवी जेमतेम येते, आणि कुणी फरसाण, बिस्किटं, खारी, वेफर यांतून नकळत किलो किलो रिचवतो. घरातला तेलाचा डबा मोजता येतो, पाकिटातलं तेल कोण मोजणार? भट्टीवर आणि कढईत पामतेल टिकतं, स्वस्त पडतं, आणि बिस्किटांना लागणारा घट्टपणा त्यात अंगचाच असतो. वनस्पती तुपासारखं त्यात हायड्रोजन घालावं लागत नाही, त्यामुळे घातक ट्रान्स चरबी टळते. पण म्हणून काही ते हृदयाला चांगलं ठरत नाही. ती निम्मी थिजणारी चरबी आहेच.

करडईचं तेल या बाबतीत कितीतरी उजवं. करडईची मुळं खोल जातात, आणि सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात नुसत्या ओलीवर ती येते. ज्वारीच्या कडेने तिचे पट्टे असत. काट्यांमुळे गुरं आत शिरत नसत. पण त्याच काट्यांनी पुढे तिचा घात केला. मजूर हातापायाला कापड गुंडाळून कापणीला जात, मग मजूरच मिळेनासे झाले, आणि सोयाबीन-हरभऱ्याने रान घेतलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांची करडई तयार केली. काटेरी करडईतही आता गव्हाचा हार्वेस्टर घालतात. माणसाला टोचतात ते काटे यंत्राला काही करत नाहीत.