डुकरांच्या टेकडीवरचं बाजारगाव: इंग्लंडमधल्या स्विंडनची गोष्ट

गोव्यात तुमचे नातेवाईक किंवा मित्र असतील, तर 'स्विंडन' हे नाव तुम्ही नक्कीच ऐकलं असेल. इंग्लंडमधल्या या शहरात हजारो गोवेकर राहतात. पण ते लंडन सोडून तिथेच का गेले? त्यासाठी या गावाची वाढ समजून घ्यायला हवी.

स्विंडन म्हणजे 'डुकरांची टेकडी'. नावच सांगतं की मूळ गाव किती साधं असेल! टेकडीवरचं हे बाजाराचं गाव. १८०१ मध्ये इथली वस्ती होती जेमतेम १,२००. मग लंडन-ब्रिस्टल रेल्वे आली, तीही गावात नाही, तर टेकडीखालच्या शेतांतून. इथून पुढे ब्रिस्टलकडे चढ-उतार जास्त, त्यामुळे इंजिन बदलायला ही जागा सोयीची होती. १८४३ मध्ये तिथे रेल्वेचा कारखाना सुरू झाला आणि कामगारांसाठी दगडी घरांची वसाहत उभी राहिली.

एकाच मालकाचं गाव

रेल्वेने गावाला बरंच काही दिलं. १८४७ मध्ये कामगारांच्या पगारातून थोडी थोडी रक्कम कापून वैद्यकीय निधी सुरू झाला. त्यातून पुढे डॉक्टर, औषधं, दवाखाना, अगदी स्नानगृहांचीही सोय झाली. ब्रिटनची आजची सरकारी आरोग्यसेवा आखताना जे नमुने समोर होते, त्यांत स्विंडनचं नाव घेतलं जातं. टेकडीवरचं जुनं आणि खालचं नवं स्विंडन १९०० मध्ये एक झालं. पण घरटी एक माणूस रेल्वेत असेल, तर रेल्वे मंदावल्यावर काय?

हा प्रश्न नगरपालिकेला वेळेवर पडला, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डेव्हिड मरे जॉन हे तिथले मुख्य अधिकारी. १९५२ च्या कायद्याने लंडनची जादा लोकसंख्या इतर गावांत वसवायची सोय केली, तेव्हा स्विंडनने ती संधी घेतली. लंडनची कुटुंबं आली, शेतांवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखानेही आले. १९७१ मध्ये एम-४ महामार्गाचा इंग्लंडमधला भाग पूर्ण झाला. वाहनं इतकी वाढली की १९७२ मध्ये एका मोठ्या चौकात पाच छोटी वर्तुळं असलेला 'मॅजिक राउंडअबाउट' तयार झाला. नवख्या चालकाला तिथे घाम फुटतो म्हणे!

१९८६ मध्ये रेल्वे कारखाना बंद झाला, तरी शहर मोडलं नाही. होंडाने इथे मोटारी बनवल्या, गोदामं वाढली. याच कामांसाठी गोवेकर आले. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. ब्रेक्झिटआधी त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मुक्तपणे काम करता येत असे. एकजण गेला की भाऊ, मग मेहुणा, मग शेजारी. आता नव्याने जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली आहे.

२०२१ मध्ये होंडाचाही कारखाना बंद झाला आणि सुमारे ३,००० नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत आसपासच्या गावांसह वस्ती होती सुमारे २ लाख ३३ हजार. पूर्वेला आणखी सुमारे ८,००० घरांची योजना आहे.

तुम्ही कधी तिथे गेलात, तर लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास आहे. स्टेशनजवळची जुनी रेल्वे वसाहत आणि 'स्टीम' संग्रहालय मुलांना आवडेल. जुन्या कारखान्याच्याच काही इमारतींत आता ब्रँडेड कपड्यांचा मॉल आहे. खरेदी झाली की चढ चढून ओल्ड टाउनला जा. तिथल्या बाजारचौकातली धान्यबाजाराची जुनी इमारत आगीत जळाली आणि कित्येक वर्षं तशीच ओसाड राहिली.