काचेचा धागा आणि दोन वाटा

व्यापारी बंधूंनो, आज मालाचा फोटो, बिल आणि पैसा ही तिन्ही कामे शेवटी एकाच प्रकारच्या धाग्यावरून होतात. हा धागा सुताचा नाही, काचेचा आहे. त्याला ऑप्टिकल फायबर म्हणतात.

प्रकाश काचेतून किंवा पाण्यातून जाताना का वळतो, याचा अभ्यास इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताबुल मनाज़िर’ या ग्रंथात केला. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की, काच पुरेशी शुद्ध असेल तर प्रकाशावरून संदेश लांबवर नेता येईल. १९७० मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने तशी काच तयार केली. काओ यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या उत्तम काचेतही साधारण १५ किलोमीटरवर प्रकाश निम्मा होतो. म्हणून लांबच्या मार्गावर सुमारे दर ८० किलोमीटरला त्याला पुन्हा जोर देणारे यंत्र बसवतात.

आता क्षमतेचा प्रश्न. मागणी वाढली म्हणून दर वेळी नवी केबल टाकणे परवडत नाही. त्यावर तोड अशी की, एकाच धाग्यातून प्रकाशाचे अनेक रंग एकदम सोडायचे. हे रंग डोळ्यांना दिसत नाहीत, पण यंत्र ते वेगळे करते. ८० रंग आणि प्रत्येकावर सेकंदाला १०० गिगाबिट, म्हणजे एका धाग्यावर ८,००० गिगाबिट! मात्र यालाही मर्यादा आहे. म्हणून संशोधक आता एकाच धाग्यात प्रकाशाच्या अनेक वाटा ठेवू लागले आहेत.

परंतु नुसत्या क्षमतेने जाळे मजबूत होत नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन मोठ्या केबल तुटल्या. एक सी-मी-वी ४, दुसरी फ्लॅग. दोन्ही मुंबईला येणाऱ्या, दोन्हींची मालकी वेगळी. पण अलेक्झांड्रियाजवळ दोन्हींची वाट एकच! भारतातील इंटरनेट मंदावले. काही वाहतूक पूर्वेच्या लांबच्या मार्गाने वळवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये जिद्दाजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या, तेव्हाही भारताला झळ बसली.

जाळ्याची आखणी करणारे म्हणूनच आधी विचारतात : एक वाट बंद झाली तर माल कोणत्या वाटेने जाईल? आणि ती दुसरी वाट खरोखर वेगळी आहे का?

हाच प्रश्न आपण आपल्या पेढीवरही विचारावा. दोन कंपन्यांची जोडणी घेतली म्हणजे निर्धास्त झालो, असे समजू नये. दोन्ही तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील, तर खोदकामाचा एक घाव दोन्ही तोडेल. जोडणी घेण्यापूर्वी तार कोणत्या बाजूने येते, हे कंपनीच्या माणसाला स्पष्ट विचारा. दुसरी वाट नसेल तर मोबाइलची सोय ठेवा, आणि येणेदेण्याची एक प्रत कागदावर असू द्या. तवक्कुल अल्लाहवर, पण उंटाचा दोर बांधूनच!