मोहाची दारू

मोहाची दारू हे मोहाची वाळवलेली फुले आंबवून व त्यांचे ऊर्ध्वपातन करून तयार केले जाणारे मद्य आहे. मध्य व पश्चिम भारतातील अनेक आदिवासी समाजांत ते पूर्वापार प्रचलित आहे. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पट्ट्यात, तसेच नवापूर तालुक्यातील खांडबारा परिसरात भिल्ल, मावची इत्यादी समाजांच्या विधींमध्ये या मद्यास स्थान आहे. एकाच वेळी देवाचा नैवेद्य, घरगुती उत्पन्नाचे साधन, व्यसनाचे कारण आणि कायद्याने निषिद्ध वस्तू अशी त्याची चार रूपे आढळतात.

मोहाचे फूल

मोह हा चिकूच्या कुळातील मोठा वृक्ष आहे. खानदेशात त्याच्या फुलांना 'महू फुले' असेही म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये पिवळसर पांढरी, मांसल फुले पहाटे गळून पडतात. ती सकाळी वेचून उन्हात वाळवतात. वाळलेल्या फुलांत साखरेचे प्रमाण मोठे असते व ती बरेच महिने टिकतात. फुले खाण्यासाठीही वापरतात, तर बियांपासून तेल काढतात. त्यामुळे मोहाचा संबंध केवळ मद्याशी जोडणे योग्य नाही.

पारंपरिक कृती

वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घालतात. फुलांवरील व हवेतील किण्वांमुळे साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊ लागते. उन्हाळ्यात ही क्रिया थोड्या दिवसांत पूर्ण होते, थंडीत तिला अधिक काळ लागतो. बुडबुडे येणे थांबले, की आंबवण तयार झाले असे समजतात.

त्यानंतर हे आंबवण चुलीवरच्या भांड्यात तापवतात. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सियसला, तर पाणी १०० अंशांना उकळते. त्यामुळे वर येणाऱ्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण अधिक असते. ही वाफ बांबूच्या नळीने दुसऱ्या भांड्यात नेतात किंवा वर ठेवलेल्या थंड पाण्याच्या भांड्याच्या तळाशी तिचे द्रवात रूपांतर करतात. सांधे ओल्या मातीने बंद करतात. वरचे पाणी गरम झाले, की ते बदलावे लागते. आरंभी येणारे मद्य सर्वांत तीव्र असते व पुढे ते सौम्य होत जाते. 'पहिल्या धारेची' हा मराठीतील शब्दप्रयोग यावरूनच आला आहे.

इतर मद्यांशी तुलना

ग्रीसमधील ऊझो, तुर्कस्तानातील राकी आणि लेबनॉनमधील अरक ही मद्येही ऊर्ध्वपातनानेच होतात. मात्र त्यांना ॲनिस नावाच्या, बडीशेपेसारख्या वासाच्या बियांचा स्वाद दिलेला असतो. या बियांतील ॲनिथोल हे तैलद्रव्य मद्यार्कात विरघळते, पण पाण्यात विरघळत नाही. म्हणून पाणी घालताच ही मद्ये दुधासारखी पांढरी होतात. मोहाच्या दारूत बाहेरून मसाला घालण्याची आवश्यकता नसते. तिचा वास मूळ फुलाचाच असतो.

विधींतील स्थान

पिण्यापूर्वी देव व पूर्वज यांच्या नावाने मद्याचे काही थेंब भूमीवर सोडण्याची प्रथा भिल्ल समाजात आहे. गुजरातेतील देवमोगरा येथील याहा मोगी देवीच्या जत्रेस महाशिवरात्रीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील भाविक जातात. तेथे धान्याबरोबर मद्यही अर्पण केले जाते.

कायदा व चळवळी

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरगुती मद्यनिर्मितीवर बंधने आली आणि मक्तेदारांच्या दुकानांतून महाग मद्य विकत घेण्याची पाळी आदिवासींवर आली. १८९२ च्या कायद्याने इलाख्याच्या काही भागांत मोहफुलांच्या साठ्यावरही निर्बंध आले. या व्यवहारात अनेक कुटुंबे कर्जबाजारी झाली.

१९२२ मध्ये दक्षिण गुजरात व लगतच्या भागात पसरलेल्या देवी चळवळीत आदिवासींनी स्वतःहून मद्यत्यागाची शपथ घेतली आणि दारूविक्रेत्यांवर बहिष्कार घातला. पुढे तळोदा परिसरात गुलाम महाराजांनीही १९३० च्या दशकात व्यसनमुक्तीचा प्रसार केला. मद्यत्याग हा येथे बाहेरून आलेला उपदेश नव्हता, तर पिळवणुकीतून सुटण्याचा मार्ग होता.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना दारू गाळणे हा गुन्हा आहे. दुसरीकडे, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मद्यविक्री व मद्यसेवन यांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार दिला. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध उठवले. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्यास 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली असून अलीराजपूर जिल्ह्यात त्याचे उत्पादन होते.

आरोग्यविषयक धोके

कोणत्याही मद्याच्या अतिसेवनाने यकृताचे विकार होतात. अवैध धंद्यात मिसळले जाणारे औद्योगिक मिथिल अल्कोहोल तर प्राणघातक असते. त्यामुळे अंधत्व किंवा मृत्यू येऊ शकतो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. घरगुती व्यसनाचा भार मुख्यतः स्त्रिया व मुलांवर पडतो. म्हणूनच विधीपुरती परंपरा आणि धंद्यासाठी गाळलेली दारू यांत भेद करणे आवश्यक ठरते.