फिल्टर ओलावा गाळत नाही

पाऊस सुरू झाला की नायट्रोवर धावणाऱ्या रिमोटच्या गाड्या बाळगणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इंधनाला थोडी दमट हवा लागली तर लागली, फिल्टर लावलाय ना!" अंधेरीच्या सोसायटीच्या गच्चीवर ऐकलं, बोरिवलीत ऐकलं, मुलुंडच्या मैदानावरही ऐकलं. मोटारींची उत्तम जाण असलेली माणसंही ते ठामपणे सांगतात आणि नवी पोरं विश्वास ठेवतात. म्हणून स्पष्टच लिहितो. टाकी आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये नळीत बसवलेला तो छोटा फिल्टर पाणी अडवत नाही. थेंबभरही नाही.

हा समज बहुधा डिझेलच्या गाड्यांवरून आला असावा. डिझेलमध्ये पाणी विरघळत नाही, ते जड असल्याने तळाशी बसतं. त्यामुळे डिझेलच्या फिल्टरला पाणी वेगळं करता येतं आणि खालचा स्क्रू सैल करून ते काढून टाकता येतं. नायट्रोचं इंधन मात्र वेगळ्या जातीचं आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा मिथेनॉलचा. नायट्रोमिथेन गाड्यांसाठी साधारण १६ ते ३० टक्के, आणि बाकीचं एरंडेल किंवा सिंथेटिक तेल. मिथेनॉल आणि पाणी कोणत्याही प्रमाणात एकमेकांत पूर्ण मिसळतात. साखरेचं पाणी चहाच्या गाळणीतून ओता आणि गाळणीत साखर शोधा, सापडणार नाही. फिल्टरच्या जाळीची छिद्रं मायक्रॉनमध्ये मोजतात. पाण्याचा रेणू नॅनोमीटरच्या साधारण पाव हिश्श्याएवढा असतो, आणि एका मायक्रॉनमध्ये हजार नॅनोमीटर असतात. जाळी कितीही महागडी घ्या, हा हिशेब बदलत नाही.

त्यात आपण राहतो कुठे? हवामान खात्याच्या सांताक्रूझ केंद्रावर एकट्या जुलैत सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्या दिवसांत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणं नेहमीचंच. मिथेनॉल हवेतला ओलावा स्वतःहून ओढून घेतं. कॅनचं झाकण तासभर उघडं राहिलं, अर्धा रिकामा कॅन बाल्कनीत पडून राहिला, दिवसअखेर टाकीतलं उरलेलं इंधन परत कॅनमध्ये ओतलं, की पाणी आत गेलंच म्हणून समजा. मग इंजिन आयडलला टिकत नाही, ग्लो प्लग लवकर जातात, नीडल कितीही फिरवली तरी ट्यूनिंग जागेवर राहत नाही, आणि गाडी तशीच ठेवून दिली तर बेअरिंग गंजतं. अशा वेळी लोक नवा फिल्टर विकत आणतात! उपाय कॅनपाशी आहे. लहान कॅन घ्या, झाकण लगेच आणि घट्ट लावा, टाकीतलं उरलेलं परत ओतू नका, गाडी ठेवण्याआधी टाकी रिकामी करून इंजिनात आफ्टर-रन तेलाचे थेंब सोडा.

मग फिल्टर कशासाठी? कचऱ्यासाठी, आणि त्या कामात तो फार मोलाचा आहे. भरायच्या बाटलीच्या तोंडाची धूळ, टाकीच्या झाकणावरची माती, सिलिकॉन नळी कापताना सुटलेला बारीक तुकडा, यातलं काहीही नीडलच्या चिंचोळ्या वाटेत अडकू शकतं. इंधन कमी पडलं की इंजिन लीन होतं. या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचं तेल इंधनातूनच मिळतं, त्यामुळे इंधन कमी म्हणजे तेलही कमी. उष्णता वाढते आणि पिस्टन-स्लीव्हची जोडी कामातून जाते. तिची किंमत फिल्टरच्या कितीतरी पट असते.

"फिल्टरमुळेच इंजिन लीन होतं, काढून टाका," हा दुसऱ्या टोकाचा सल्ला. स्वच्छ फिल्टर एवढ्या छोट्या इंजिनाचं इंधन रोखत नाही. तुंबलेला रोखतो, आणि स्क्रूचा फिल्टर नीट आवळलेला नसेल किंवा त्याची ओ-रिंग चिरली असेल तर तिथून हवा शिरते. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले की आधी तिथे बघा. स्पर्धेतले काही चालक नळीत फिल्टर ठेवत नाहीत, पण त्यांच्यातल्या अनेकांच्या टाकीच्या आत गाळणी असते, हे सांगायला लोक विसरतात. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांत एक-अष्टमांश ऑफ-रोड गाडीच्या १२५ सीसी इंधनमर्यादेत कार्ब्युरेटरपर्यंतची नळी आणि फिल्टरही मोजतात, म्हणजे फिल्टर तिथे गृहीतच धरलेला आहे.

बाकीचे समज थोडक्यात. फिल्टर सायलेन्सरकडून टाकीला येणाऱ्या दाबाच्या नळीवर बसवला तर काही गाळलं जात नाही, कारण इंधन त्या वाटेने इंजिनाकडे जातच नाही. मैदानातली धूळ इंधनाच्या फिल्टरने थांबत नाही, ती हवेच्या वाटेने येते, त्यासाठी तेल लावलेला फोमचा एअर फिल्टर लागतो. फिल्टरवर बाण असेल तर तो कार्ब्युरेटरच्या दिशेने ठेवायचा. आणि फिल्टर लावून या गाडीत पेट्रोल चालेल का, तर नाही: ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार आणि मिथेनॉलची वाफ यांच्या रासायनिक क्रियेवर हे इंजिन चालतं.

शेवटचा समज मात्र जिवावर बेतणारा आहे. "फिल्टर तुंबला की तोंडाने फुंकायचा, नळी भरायला थोडं ओढून घ्यायचं." जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, तिच्यातलं विष मिथेनॉलच होतं. तेच तुमच्या कॅनमध्ये आहे. महाराष्ट्रात त्याची विक्री विषाच्या नियमांखाली येते ती उगाच नाही. साधारण दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल पोटात गेल्यानेही दृष्टी जाऊ शकते, असं वैद्यकीय ग्रंथ सांगतात. ते त्वचेतूनही शरीरात शिरतं. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून गरम इंजिनाशेजारी कॅन उघडू नका. फिल्टर खोलून ताज्या इंधनाने धुवा, हवा मारायची असेल तर हातपंपाने उलट्या बाजूने मारा, हातमोजे घाला आणि काम मोकळ्या हवेत करा. मुलांना गाडी चालवायला जरूर द्या, पण इंधन मोठ्यांनीच भरा, आणि त्या नळीला तोंड कुणीही, कधीही लावू नका.