बाहेरची ठिणगी

कोल्हापूरकराला रिक्षा नटवायची भारी हौस. सीटकव्हरची शिवण, मडगार्डवरचं नाव, काचेवरची अंबाबाई, सगळं झोकात. पण पाठीमागचं टू-स्ट्रोक इंजिन टेंबलाईच्या चढाला ‘मिसिंग’ मारायला लागलं की या थाटाचा उपयोग शून्य. मग पहिला संशय कार्बोरेटरवर जातो. तो खोलतात, जेट फुंकतात, परत बसवतात. गाडी दोन दिवस बरी चालते आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. जुन्या पॉइंटच्या रिक्षांबाबत माझं मत असं की निम्मा दोष मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनच्या चुंबकी चाकाच्या, झाकणाआड असतो. तो तिथंच राहतो, कारण तपासणी चुकीच्या जागी होते.

या इंजिनाचं कूळ इटलीचं. पियाजिओने १९४८ साली व्हेस्पावरून ‘आपे’ ही तीनचाकी काढली. पुढे त्याच कंपनीच्या परवान्यावर बजाजने आपल्याकडे स्कूटर आणि रिक्षा बनवल्या. करार १९७१ मध्ये संपला, घडण मात्र टिकली. मागं इंजिन असलेली रिक्षा १९७७ साली आली. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, दट्ट्याची धावही तेवढीच. हिशेब १४५ सीसीचा. टू-स्ट्रोकला दर फेऱ्याला एक ठिणगी लागते, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेरे झाले तर सेकंदाला पन्नास.

एवढ्या ठिणग्या पाडतो तो पॉइंट, म्हणजे कॅमवर उघडझाप करणारे दोन छोटे धातूचे ठिपके. मिटलेले असताना कॉईलमधून करंट वाहतो. उघडताच तो तुटतो आणि बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. हे तत्त्व फॅरडेचं, १८३१ सालचं. अडचण अशी की उघडताना पॉइंटवरही ठिणगी उडते आणि करंट झटक्यात तुटत नाही. त्यावर १८५३ साली फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने तोड सुचवली : पॉइंटला समांतर कंडेन्सर. मॅग्नेटजवळचा तो छोटा डबा गेला की पॉइंटवर निळसर-पांढरा जाळ उडतो, ठिपके जळून खड्डे पडतात आणि प्लगवर पिवळट, मरतुकडी ठिणगी येते. पॉलिश पेपरने पॉइंट घासून आठवडा निघतो. कंडेन्सर किरकोळ किमतीचा, पण तो सगळ्यात शेवटी बदलतात.

आता खरी फसगत. प्लग काढायचा, सिलिंडरच्या हेडला टेकवायचा, हँडल ओढायचं. ठिणगी दिसली की “करंट हाय की बक्कळ!” म्हणून कॉईल आणि कंडेन्सर दोघेही निर्दोष सुटतात. पण ही ठिणगी मोकळ्या हवेतली. ठिणगीला किती व्होल्ट लागतील ते फट आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं, हे पाशेनने १८८९ साली दाखवलं. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जातं तेव्हा प्लगची तीच ०.६ मिलिमीटरची फट कितीतरी अवघड होते. म्हणून गाडी स्टँडवर छान घुमते आणि थ्रॉटल उघडून चढाला लागली की दगा देते. त्यापेक्षा प्लगच्या वायरचं टोक इन्सुलेटेड पक्कडीने धरून, पेट्रोलच्या वाफेपासून लांब, इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर न्यावं. तेवढी फट ठिणगीने निळ्या रंगात, टकटक आवाज करत ओलांडली तर तिच्यावर भरवसा ठेवता येतो. गार असताना ओलांडते आणि इंजिन तापल्यावर नाही, तर कॉईल किंवा कंडेन्सर बघा.

पॉइंटची फट ०.३ ते ०.५ मिलिमीटर. कॅमवर घासणारी टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो, टायमिंग मागं पडतं. इंजिन तापतं आणि ओढ जाते. म्हणजे फिलर गेज न लावता पॉइंट अंदाजाने बसवणारा नकळत टायमिंगही अंदाजानेच बसवत असतो.

पॉइंट पुसूनही पुन्हा तेलकट होत असेल तर मात्र दोष इग्निशनचा नव्हेच. मॅग्नेटकडचं क्रँकचं ऑइल सील गेलेलं असतं. तिथून पेट्रोल-ऑइलचा ओलावा बाहेर येतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, आयडलिंगला गाडी कधी उगाच भरारते, कधी बसते. ड्रायव्हर टायमिंगला दोष देतो, मेकॅनिक प्लगला.

सील बदलायला मॅग्नेट काढावं लागतं, आणि इथं कोल्हापूरचं थोडं नवल वाटतं. बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमाराला याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार, रामभाई सामाणी यांच्या पिढीने उद्यमनगर उभं केलं. तिथल्या लेथवर मॅग्नेटचा पुलर बनवणं ही काही मोठी बाब नव्हे. तरीही रस्त्याकडेच्या गॅरेजात हातोडा चालतो. त्याने क्रँकचे आटे बिघडतात. आणि ठोकून सैल बसवलेलं मॅग्नेट पुढे कधी सरकलं तर क्रँकच्या निमुळत्या टोकातली छोटी अर्धगोल चावी जराशी कातरली जाते. मग पॉइंटची फट अचूक असूनही ठिणगी चुकीच्या वेळी पडते. फट बरोबर, प्लग नवा, कंडेन्सर नवा, आणि तरी सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील, तर मॅग्नेट पुन्हा उतरवून त्या चावीची कड बघावी.