आधी मेझे, मग ब्रेड

इस्तंबूलमध्ये बॉस्फरसच्या काठावरील एखाद्या उंची रेस्टॉरंटमध्ये रात्री नऊला टेबलावर बसलेला पाहुणा सहसा अकराच्या आत उठत नाही. पहिला तासभर लहान लहान बशाच येत राहतात. मासा किंवा कबाब त्यानंतर येतो, गोड पदार्थ त्याच्याही नंतर आणि कॉफी सर्वांत शेवटी. या शहराला ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मिशलिन गाइड’मध्ये पहिल्यांदा स्थान मिळाले. त्या यादीत ‘तुर्क फातिह तुताक’ला दोन तारे मिळाले, ‘मिक्ला’ आणि ‘निओलोकाल’ यांच्यासह चार रेस्टॉरंटना प्रत्येकी एक. तुर्कस्तानची सहल करणारी अनेक मराठी कुटुंबेही एखादी संध्याकाळ अशा जेवणासाठी राखून ठेवतात. त्यांच्यातील मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या व्यक्तींसाठी हे जेवण एका बाजूने फायद्याचे आहे आणि दुसऱ्या बाजूने धोक्याचे. दोन्हींचे कारण एकच आहे : पदार्थांचा क्रम आणि त्यांच्यामध्ये जाणारा वेळ.

मेझे म्हणजे काय?

जेवणाआधी येणाऱ्या लहान बशांतील पदार्थांना तुर्की भाषेत ‘मेझे’ म्हणतात. हा शब्द फारसीतील ‘चव’ या अर्थाच्या शब्दावरून आला. मराठीतील ‘मजा’ही त्याच घरचा. मेझे हे आपल्या तोंडी लावण्याच्या जवळचे आहे; फरक एवढाच की, ते ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर वाढले जात नाही, तर जेवणाची सुरुवातच त्याने होते.

‘हायदारी’ म्हणजे चक्क्यात लसूण आणि पुदिना किंवा शेपू कालवलेला पदार्थ. ‘पाटलिजान सालातासी’ हे विस्तवावर भाजलेल्या वांग्याचे, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घातलेले भरीत. ‘एझमे’ ही टोमॅटो, मिरची आणि कांदा बारीक चिरून केलेली तिखट कोशिंबीर. ऑलिव्ह तेलात शिजवून गार केलेल्या घेवड्याच्या शेंगा आणि आर्टिचोक यांचा तर एक स्वतंत्र वर्गच आहे. ‘फावा’ हे बाकला या कडधान्याचे घट्ट, गुळगुळीत पिठल्यासारखे मिश्रण. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांनी मात्र फावा खाऊ नये. बाकल्यामुळे त्यांच्या तांबड्या रक्तपेशी झपाट्याने फुटून कावीळ आणि तीव्र रक्तक्षय होऊ शकतो.

हा अपवाद सोडला, तर पहिल्या तासात पोटात जाते ते मुख्यतः भाज्या, दही, कडधान्ये आणि ऑलिव्ह तेल. पिष्टमय पदार्थ त्यात कमी असतात. अट एकच, सोबत आलेल्या गरम ब्रेडच्या टोपलीकडे हात जाता कामा नये.

क्रमाने काय फरक पडतो?

न्यूयॉर्कमधील वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. टाइप-२ मधुमेह असलेल्या ११ स्थूल रुग्णांना दोन वेगवेगळ्या दिवशी तेच जेवण दिले गेले. एका दिवशी आधी ब्रेड आणि संत्र्याचा रस आणि १५ मिनिटांनी चिकन व भाज्या. दुसऱ्या वेळी नेमका उलटा क्रम. चिकन आणि भाज्या आधी खाल्ल्यावर जेवणानंतरची साखर अर्ध्या तासाने सुमारे २९ टक्के, एका तासाने सुमारे ३७ टक्के आणि दोन तासांनी सुमारे १७ टक्के कमी भरली. पदार्थ तेच आणि तेवढेच होते. बदलला होता तो फक्त क्रम.

अकरा रुग्णांच्या अभ्यासावरून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. मात्र, त्यामागची शरीरक्रिया समजण्यासारखी आहे. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ आधी आतड्यात पोहोचले की, जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. त्यामुळे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची सूचना मिळते. भाज्यांतील आणि कडधान्यांतील तंतू ग्लुकोजचे शोषण लांबवतात. नंतर आलेला ब्रेड किंवा भात मग रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरतो. शिवाय, पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण २० मिनिटे लागतात. तासभर रेंगाळलेल्या जेवणात ती जाणीव मुख्य पदार्थ येण्याआधीच झालेली असते.

गोळी आधी, जेवण उशिरा

खरा धोका इथेच सुरू होतो. अनेक मधुमेही हॉटेलच्या खोलीतून निघतानाच संध्याकाळची गोळी घेतात किंवा इन्सुलिन टोचून घेतात. घरी हे चालून जाते, कारण दहा-पंधरा मिनिटांत ताट समोर असते. इथे रेस्टॉरंटमध्ये पोहोचणे, मेन्यू वाचणे, मेझे येणे यात दीड तास सहज जातो आणि पिष्टमय पदार्थ तर त्याच्याही नंतर येतात. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी आणि जेवणाआधीचे जलद इन्सुलिन जेवणाची वाट पाहत नाही. परिणामी, जेवणाच्या ऐन मध्यावर साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हा धोका फारच कमी असतो.

घड्याळाचाही एक गोंधळ असतो. तुर्कस्तानची वेळ भारतापेक्षा अडीच तास मागे आहे. भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठची गोळी घेणारी व्यक्ती इस्तंबूलमध्ये ती संध्याकाळी सहालाच घेऊन बसते, आणि जेवते नऊनंतर.

या टेबलावर ‘रकी’ असेल, तर धोका वाढतो. बडीशेपेच्या वासाच्या या मद्यात साधारण ४५ टक्के अल्कोहोल असते. पाणी घातल्यावर ते दुधासारखे पांढरे होते. साखर घसरू लागली की एरवी यकृत नवे ग्लुकोज तयार करून रक्तात सोडते. अल्कोहोल यकृताचे हे काम अडवते. हा परिणाम काही तास टिकतो, म्हणून साखर मध्यरात्रीनंतर किंवा पहाटेही घसरू शकते. घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे ही लक्षणे मग ‘जरा जास्त झाली’ म्हणून सोडून दिली जातात. सोबतच्यांनी हे लक्षात ठेवणे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे.

अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल, तर सुमारे १५ ग्रॅम म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. तुर्की चहासोबत साखरेचे तुकडे येतातच, ते मागून घेता येतात. बक्लावा देऊ नये. त्यातील लोण्यामुळे आणि पिस्त्यामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. १५ मिनिटांनी साखर तपासावी आणि ती अजून कमी असेल तर तेच पुन्हा करावे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडातून काहीही देऊ नये, रुग्णवाहिका बोलवावी. तुर्कस्तानात त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे.

मिठाचा हिशेब

मेझेच्या बशांची दुसरी बाजू मिठाची आहे. मिठाच्या पाण्यात मुरवलेले पांढरे चीज, ऑलिव्ह, लोणचेवजा ‘तुर्शू’, खारवलेला ‘लाकेर्दा’ मासा, खाऱ्या पाण्यात टिकवलेल्या द्राक्षवेलीच्या पानांचे ‘सार्मा’, वर खारे ताक म्हणजे ‘आयरान’. यातील प्रत्येक पदार्थ थोडासाच असतो, पण बेरीज मोठी होते. भाताची खीर नको म्हणणारा रक्तदाबाचा रुग्ण हे सारे निश्चिंतपणे खातो, कारण ते गोड नसते आणि तळलेलेही नसते.

तुर्कस्तानने या प्रश्नाची मोजदाद केली आहे. २००८ मधील पाहणीत तेथील प्रौढांच्या आहारात दिवसाला सरासरी १८ ग्रॅम मीठ आढळले. २०१२ मधील पाहणीत ते सुमारे १५ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ग्रॅमपेक्षा कमीची आहे. ब्रेड हा मिठाचा मोठा स्रोत असल्याने सरकारने २०१२ मध्ये ब्रेडमधील मिठाची कमाल मर्यादा कायद्याने खाली आणली.

निरोगी माणसाला एका रात्रीच्या मिठाने काही होत नाही. तहान लागते, एवढेच. पण हार्ट फेल्युअर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या पायांवर दुसऱ्या दिवशी सूज येऊ शकते, दम लागू शकतो. त्यांनी चीज, तुर्शू आणि आयरान टाळून भरीत, एझमे आणि भाज्यांचे प्रकार घ्यावेत. ‘मीठ कमी’ असे सांगायचे असल्यास ते ऑर्डर देतानाच सांगावे. खारवलेल्या पदार्थांतील मीठ मात्र नंतर कमी करता येत नाही.

शेवट गोड, पण किती?

गाझियान्तेपच्या बक्लाव्याला २०१३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. कागदासारख्या पातळ पाऱ्यांचे थर, लोणी, पिस्ते आणि वरून पाक अशी त्याची रचना असते. चव घेण्यासाठी एक तुकडा पुरतो. मुख्य जेवणातील भात किंवा ब्रेड सोडून तो खाल्ला, तर हिशेब बराचसा जुळतो.

कॉफीच्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत हवी. तुर्की कॉफीत साखर वरून घालत नाहीत. पूड, पाणी आणि साखर एकत्रच उकळतात. त्यामुळे ऑर्डर देतानाच सांगावे लागते. ‘सादे’ म्हणजे बिनसाखरेची, ‘आझ शेकेर्ली’ म्हणजे थोड्या साखरेची, ‘ओर्ता’ म्हणजे मध्यम आणि ‘शेकेर्ली’ म्हणजे गोड. मराठी माणसाला ‘सादे’ लक्षात ठेवणे कठीण जाऊ नये.

अरेटायसच्या भूमीत

मधुमेहाचे जुने आणि तपशीलवार वर्णन लिहून ठेवणारा वैद्य अरेटायस हा कॅपाडोकियाचा. आज पर्यटक बलूनमध्ये बसतात तोच हा प्रदेश. शरीर वितळून मूत्रावाटे वाहून जाणारा हा आजार फारसा आढळत नाही, असे त्याने लिहिले. आजच्या तुर्कस्तानातीलच पर्गमम येथे जन्मलेल्या गेलेननेही असे दोनच रुग्ण पाहिल्याची नोंद केली आहे. आता चित्र वेगळे आहे. तुर्कस्तानातील राष्ट्रीय पाहण्यांत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण १९९७-९८ मध्ये ७.२ टक्के होते. २०१० मध्ये ते १३.७ टक्क्यांवर पोहोचले. मेझेचे टेबल असलेल्या देशात हे घडले, कारण रोजचे जेवण मेझेचे नसते. ते ब्रेडचे, गोड चहाचे आणि बैठ्या कामाचे असते.

भारताची स्थितीही वेगळी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपल्याकडे जेवणाची सुरुवात वरणभाताने होते आणि कोशिंबीर चिमूटभर वाढली जाते. भरीत, कोशिंबीर, उसळ आणि दही आधी वाटीभर खाऊन भात-पोळी नंतर घेणे, हा बदल घरच्या ताटात बिनखर्चाने करता येतो. मात्र, पिष्टमय पदार्थ उशिरा आणि कमी जाऊ लागले, तर गोळीची किंवा इन्सुलिनची मात्रा आणि वेळ बदलावी लागू शकते. ती स्वतःच्या मनाने बदलू नये. आठवडाभर जेवणाआधीची व दोन तासांनंतरची साखर लिहून ठेवावी आणि ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. परदेशी निघणाऱ्यांनी हे काम तिकिटे हातात पडल्यावर लगेचच उरकून घ्यावे.