अडीच लिटर पाणी जाते कुठे?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जानेवारीत बाहेर उणे १० अंश सेल्सिअस ही रोजची गोष्ट असते. अशा दिवशी एखाद्या घराच्या कडेने चालत गेलात, तर भिंतीला एक छोटी झडप दिसेल. आत कपडे वाळवायचा ड्रायर सुरू झाला की ही झडप फडफडत उघडते आणि पांढऱ्या वाफेचा लोट बाहेर पडतो. त्यापुढे हात धरला तर कोमट, दमट, साबणाच्या वासाची हवा लागते. हाडे गोठवणाऱ्या थंडीत ती फार सुखाची वाटते. काटकसरी माणसाच्या मनात लगेच येते की, घर गरम ठेवायला आपण महिन्याकाठी एवढे बिल भरतो, मग ही तयार ऊब बाहेर का सोडायची? नळी भिंतीतून काढून आतच वळवली तर?

तिकडच्या थंड प्रदेशातल्या बऱ्याच घरांत हे केलेही जाते. ड्रायरमागची चार इंची नळी भिंतीपासून सोडवतात आणि तिच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधतात. नाहीतर दुकानात मिळणारा प्लास्टिकचा डबा लावतात. या डब्याच्या तळाशी पाणी भरायचे असते. नळीतली हवा पाण्यावर आदळते, तिच्यातले कपड्यांचे तंतू पाण्यात अडकतात आणि गरम हवा खोलीत पसरते. हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला तर विजेचा बारीक झटका बसतो. त्यामुळे ऊबही मिळाली आणि ओलावाही मिळाला, असा हा दुहेरी लाभ वाटतो.

या विचाराला हसण्याचे कारण नाही, कारण हिशेब खरा आहे. तिकडचा विजेवरचा ड्रायर २४० व्होल्टवर चालतो आणि त्याची तापकुंडली साधारण ५ किलोवॉटची असते. कपड्यांच्या एका घाण्याला ढोबळमानाने ३ युनिट वीज लागते. शिवाय ड्रायरचा पंखा दर मिनिटाला सुमारे ४ घनमीटर हवा बाहेर फेकतो. पाऊण तासात ती १८० घनमीटर होते. ही सगळी हवा घरातली, म्हणजे आधीच पैसे खर्चून तापवलेली. ती बाहेर गेली की दारे-खिडक्यांच्या फटींतून तेवढीच गारठलेली हवा आत येते. तिला उणे १० वरून २० अंशांवर आणायला आणखी पावणेदोन युनिट ऊर्जा लागते. म्हणजे एका घाण्यामागे जवळजवळ ५ युनिट बाहेर जातात. ते वाचवावेसे वाटणे अगदी रास्त आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. नळीतून येणारी सगळी उष्णता म्हणजे ऊब, असे आपण धरून चालतो. तसे नसते. ते समजायला एक सोपा प्रयोग पुरेसा आहे.

विमानप्रवासाआधी बॅगा तोलायचा हुकाचा काटा अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत सापडतो. धुवायला टाकण्याआधी कपड्यांची पिशवी त्याला अडकवा. समजा, वजन साडेचार किलो भरले. धुऊन, यंत्राने चांगले पिळून निघालेले तेच कपडे पुन्हा तोला. काटा ७ किलोच्या आसपास जाईल. हाताला ते नुसते ओलसर लागतात, एक थेंब गळत नाही, तरी त्यांत अडीच किलो पाणी असते. अडीच किलो म्हणजे अडीच लिटर, एका बादलीचा तळ चांगला चार बोटे भरेल इतके. पाऊण तासाने कपडे कोरडे होऊन बाहेर येतात तेव्हा हे पाणी नाहीसे झालेले नसते. ड्रायरने त्याची वाफ करून ती नळीत ढकललेली असते. नळीचे तोंड घरात असेल, तर ते अडीच लिटर घरातच असते.

पाण्याची वाफ करायला उष्णता मोजावी लागते आणि ती तापमापीवर दिसत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात हे ओळखले. शाळेत आपण तिला ‘अप्रकट उष्मा’ म्हणून शिकलो. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. ड्रायरमध्ये ही उष्णता विजेकडून येते. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास ०.६८ युनिट लागते. अडीच लिटरला १.७ युनिट. म्हणजे ड्रायरने खाल्लेल्या ३ युनिटांपैकी निम्म्याहून अधिक उष्णता वाफेच्या पोटात दडून बसलेली असते. खोलीत हवा सोडल्यावर जी ऊब जाणवते, ती उरलेल्या भागाची. दडलेली उष्णता परत मिळायची एकच वाट आहे. त्या वाफेचे पुन्हा पाणी व्हायला हवे. घरात ते होते खिडकीच्या काचेवर, भिंतीच्या गार कोपऱ्यात, कपाटाच्या मागे. ती ऊब पुरती वसूल करायची, तर घर ओले करून घ्यावे लागते. या साऱ्या प्रश्नाचे मर्म एवढेच आहे.

हवेत वाफ मावते तरी किती? २० अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम. दहा बाय बाराच्या, नऊ फूट उंचीच्या बंद खोलीत साधारण ३० घनमीटर हवा असते. तिच्यात फार तर अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपात राहू शकते आणि आपण सोडतो अडीच लिटर. उघडी दारे, सगळे घर मोठे, असे धरले तरी हिशेब फारसा बदलत नाही. दोन हजार चौरस फुटांच्या घरात सुमारे ५०० घनमीटर हवा असते. हिवाळ्यात आर्द्रता ३० टक्के असेल, तर या साऱ्या हवेत मिळून अडीच लिटरच्या आसपासच पाणी असते. म्हणजे कपड्यांचा एक घाणा घरातली सगळी आर्द्रता दुप्पट करायला पुरतो. जुन्या, फटी असलेल्या घरातून यातली बरीच वाफ निसटते. नव्या घरांना ऊर्जाबचतीसाठी फटी बुजवून घट्ट केलेले असते, तिथे ती अडकून राहते.

मग दवबिंदू आपले काम करतो. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की १२ अंशांहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरते. बाहेर उणे १० असताना साध्या दुहेरी काचेची आतली बाजूसुद्धा नऊ-दहा अंशांवर असते. काच पाझरू लागते, पाणी चौकटीच्या लाकडात उतरते. हे निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारे अधिक वाईट असते. तिकडची घरे लाकडी सांगाड्याची. दमट हवा फटींतून भिंतीच्या पोटात आणि माळ्यावर शिरते आणि छताच्या गार फळ्यांना आतून दव धरते. ओली झालेली जागा २४ ते ४८ तासांत सुकली नाही, तर बुरशी धरू लागते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांत ठेवायला सांगते, ते यासाठीच. गादी-उशांतले धुळीचे सूक्ष्म कीटक पाणी पीत नाहीत, ते हवेतूनच ओलावा शोषतात. दम्याच्या रुग्णाला बुरशी आणि हे कीटक, दोन्ही त्रासाचे.

नळीतून नुसती वाफ येत नाही. प्रत्येक धुण्यात कपड्यांचे बारीक तंतू झडतात. ड्रायरच्या जाळीवर त्यांचा राखाडी, कापसासारखा थर जमतो. त्याला लिंट म्हणतात. चिमूटभर हातात घेतले तर वजनच जाणवत नाही, पण ठिणगी लागली तर ते कापसासारखेच भुर्रकन पेटते. जाळीतून निसटलेले तंतू एरवी बाहेर जातात, आता ते खोलीत उडतात आणि श्वासात येतात. नळीला बांधलेला मोजा चार-सहा घाण्यांत तुंबतो. हवा अडली की ड्रायर आतून तापत जातो, कपडे सुकायला वेळ लागतो, बिल वाढते आणि आगीचा धोकाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने दिलेल्या आकड्यांनुसार तिथे वर्षाला सुमारे २,९०० घरांत ड्रायरमुळे आग लागते. त्यामागचे सर्वांत मोठे कारण एकच, साफसफाई न करणे. आणखी एक गोष्ट सुगंधाची. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये सुवासिक साबण आणि सुगंधी पट्ट्या वापरलेल्या ड्रायरच्या नळीतली हवा तपासली, तेव्हा तिच्यात २५ हून अधिक बाष्पनशील रसायने सापडली. बेन्झीन आणि ॲसिटाल्डिहाइड त्यांतलीच.

हे सगळे झाले विजेवरच्या ड्रायरबद्दल. गॅसवरचा ड्रायर बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो, पण त्याच्या नळीतून ज्वलनाचे वायू येतात आणि त्यांत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो बंद घरात झोपेत जीव घेतो. गॅसच्या ड्रायरची नळी घरात सोडायचा विचारसुद्धा करू नये.

म्हणूनच अमेरिकेतल्या बांधकाम नियमावलीत नळीच्या ड्रायरची हवा घराबाहेर सोडणे बंधनकारक आहे. माळ्यावर किंवा जमिनीखालच्या पोकळीत सोडलेलीही चालत नाही. नळी चार इंची, आतून गुळगुळीत, धातूची हवी. तंतू अडकतील असे स्क्रू आत डोकावता कामा नयेत आणि बाहेरच्या तोंडाला जाळी नको, उलटी हवा रोखणारी झडप हवी.

मग ऊब वाचवायचीच नाही का? वाचवायची, पण वाफेचे पाणी कुठे होणार, हे आपण ठरवायचे. कंडेन्सर ड्रायर हेच करतो. तो दमट हवा यंत्रातच गार करतो, पाणी एका कप्प्यात साठवतो आणि दडलेली उष्णता कोरड्या रूपात खोलीला देतो. हीट पंपाचा ड्रायर त्याच्याही पुढे जातो. वाफेचे पाणी होताना सुटलेली उष्णता तो पुन्हा कपडे वाळवायला लावतो, त्यामुळे वीज निम्म्याच्या आसपास लागते. त्याला भिंतीत भोक लागत नाही. घाणा संपल्यावर कप्पा ओढून बाहेर काढला की ते अडीच लिटर पाणी समोर डचमळताना दिसते. स्वित्झर्लंडने २०१२ पासून नव्या विक्रीसाठी असेच कमी वीज खाणारे ड्रायर सक्तीचे केले. आणि नवे यंत्र घेणे शक्य नसेल, तर कपडे जास्त वेगाने पिळून घ्या. पिळून काढलेल्या पाण्याला अप्रकट उष्म्याची किंमत मोजावी लागत नाही.

हा विषय आता आपल्याही घरात आला आहे. अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आलेल्या एका गाजलेल्या ड्रायरचे नाव ‘जून डे’ होते. तिकडे जून म्हणजे लख्ख ऊन. आपल्याकडे जून लागला की दोऱ्यांवर कपडे कुबट होऊ लागतात, म्हणून मुंबई-कोकणातल्या फ्लॅटमध्ये ड्रायर येऊ लागले आहेत. तो नळीचा असेल आणि नळी न्हाणीघरात किंवा बंद खोलीत सोडलेली असेल, तर मिनेसोटाचे गणित इथे अधिक कठोर होते. पावसाळ्यात २८ अंशांच्या हवेत आर्द्रता आधीच ८५ टक्के असते. ३० घनमीटरच्या खोलीतल्या हवेत जागा उरते जेमतेम १२० ग्रॅम पाण्याची, एका लहान वाटीइतकी. ऊब तर आपल्याला नकोच असते. इथे नळी घरात सोडण्यात फायद्याची एकही बाजू नाही.

तेव्हा घरात नळीचा ड्रायर असेल, तर आज दोन गोष्टी करा. जाळीवरचा लिंट काढा आणि यापुढे प्रत्येक घाण्याआधी काढा. मग ड्रायर सुरू करून बाहेर जा आणि नळीच्या तोंडाशी हात धरा. हवा जोरात येत असेल तर उत्तम. ती मंद असेल, तर नळी तुंबली आहे, साफ करून घ्या. आणि हवा बाहेर येतच नसेल, तर ते अडीच लिटर पाणी तुमच्या घरात मुरते आहे.